ईपीएस–९५ : पेन्शन निधीची तूट आणि टिकाऊपणाचा प्रश्न

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ ही पीएफच्या कायद्याखाली येणाऱ्या कामगारांना म्हातारपणी दरमहा पेन्शन देणारी केंद्र सरकारची योजना आहे. बोलण्यात तिला ‘ईपीएस–९५’ किंवा नुसते ‘पंच्याण्णवची पेन्शन’ म्हणतात. ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली आणि १९७१ ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना तिच्यात विलीन झाली. आज तिचे ७५ लाखांहून अधिक पेन्शनर आहेत. महाराष्ट्रात एसटी, सहकारी साखर कारखाने, सहकारी बँका, सूतगिरण्या आणि खाजगी कारखान्यांतून निवृत्त झालेला मोठा वर्ग या पेन्शनवर आहे. निधी पुढच्या पिढ्यांना पुरेल का, हा प्रश्न या योजनेच्या जवळपास जन्मापासून विचारला जातो.

योजनेत पैसा दोन वाटांनी येतो. मालक पीएफसाठी जे १२ टक्के भरतो, त्यांतले ८.३३ टक्के पेन्शन निधीत जातात, आणि केंद्र सरकार वेतनाच्या १.१६ टक्के भर घालते. कामगाराच्या स्वतःच्या कपातीतला एक रुपयाही इकडे येत नाही. वेतन म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, तोही ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २००१ पासून ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. त्यामुळे पगार साठ हजार असला तरी पेन्शन निधीत मालकाकडून दरमहा १,२५० रुपये आणि सरकारकडून १७४ रुपयेच पडतात. सरकारचा १.१६ टक्क्यांचा हिस्सा १९७१ च्या योजनेतून जसाच्या तसा आला आहे. तेव्हाची योजना मुख्यतः कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देण्यापुरती होती. १९९५ ला तिची आजन्म पेन्शन झाली, तरी सरकारचा वाटा वाढला नाही.

पेन्शनचे सूत्र असे : पेन्शनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. किमान दहा वर्षे सेवा हवी आणि वय ५८ पूर्ण हवे. तुटीचे मूळ या सूत्रातच आहे. वर्गणी वर्षावर्षाला त्या-त्या वेळच्या पगारावर जमा होते, पेन्शन मात्र शेवटच्या पगारावर निघते. मर्यादा ६,५०० ची होती तेव्हा एका सभासदामागे महिना ५४१ रुपये जमा होत होते. मर्यादा एकदम १५,००० झाल्यावर त्या जुन्या वर्षांचीही पेन्शन १५,००० वर द्यायची, तर तेवढा पैसा निधीत कधी आलेलाच नव्हता. म्हणून २०१४ च्या दुरुस्तीत सेवेचे दोन तुकडे केले गेले. १९९५ पासून कामावर असलेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ५८ वर्षांचा झालेला कामगार घ्या. त्याची आधीची १९ वर्षे ६,५०० वर मोजली जातात, म्हणजे १,७६४ रुपये. पुढची १० वर्षे १५,००० वर, म्हणजे २,१४३ रुपये. वीस वर्षांहून जास्त सेवेबद्दल मिळणारा दोन वर्षांचा बोनस सोडला तर २९ वर्षांच्या नोकरीची पेन्शन सुमारे ३,९०० रुपये होते. तुकडे केले नसते तर ती ६,२०० च्या पुढे गेली असती.

योजनेवर याशिवायही भार आहेत. नोकरीत असताना सभासद वारला तर त्याची वर्गणी एकाच महिन्याची असली तरी विधवेला पेन्शन सुरू होते, आणि दोन मुलांना वयाच्या २५ वर्षांपर्यंत मिळते. ही तरतूद फार मोलाची आहे. पण तिचा खर्च वर्गणीच्या प्रमाणात चालत नाही. माणसे पूर्वीपेक्षा जास्त जगतात आणि गुंतवणुकीवरचे व्याज नव्वदच्या दशकासारखे राहिलेले नाही, हेही हिशेबात धरावे लागते.

योजनेच्या परिच्छेद ३२ प्रमाणे निधीचे दरवर्षी विमागणिती मूल्यमापन व्हावे लागते. विमागणक आजच्या सभासदांना आणि पेन्शनरांना पुढे किती द्यावे लागेल ते आजच्या किमतीत काढतो, आणि हाताशी असलेला निधी व येणारी वर्गणी त्याच्यासमोर मांडतो. देणे जास्त निघाले की ती तूट. ३१ मार्च २०१९ च्या मूल्यमापनात तूट असल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. याचा अर्थ पुढच्या महिन्याची पेन्शन अडेल असा नाही. सध्या दरवर्षी येणारी वर्गणी वाटल्या जाणाऱ्या पेन्शनहून जास्त आहे, आणि पेन्शनर संघटना याच गोष्टीवर बोट ठेवतात. पण आज वर्गणी भरणारे कामगारच उद्याचे पेन्शनर आहेत. त्यामुळे आजची शिल्लक दाखवून तुटीचा मुद्दा खोडता येत नाही. उलट, ‘तूट आहे’ एवढ्या एका वाक्यावर पेन्शनरांची मागणी परतवणेही न्यायाचे नाही. तूट किती, कोणत्या गृहीतकांवर आणि ती कशाने भरेल, हे सभासदाला समजेल अशा भाषेत त्याच्यापर्यंत पोचायला हवे.

आजवर तूट आवरली गेली ती प्रामुख्याने पेन्शनरांच्या बाजूने कात्री लावून. सप्टेंबर २००८ मध्ये पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकून एकरकमी पैसे घेण्याची सोय बंद झाली, आणि ५८ च्या आधी पेन्शन घेणाऱ्याची वर्षाला होणारी घट ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाली. २०१४ मध्ये पेन्शनसाठी शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी धरू लागले. सर्वांत मोठी कात्री मात्र दिसत नाही : ही पेन्शन महागाईशी जोडलेली नाही. एकदा ठरलेला आकडा मरेपर्यंत तोच राहतो. दरवर्षी हयातीचा दाखला देणाऱ्या माणसाच्या हाती येणारी रक्कम कागदावर तेवढीच असते आणि बाजारात कमी होत जाते. निधी टिकला आहे त्याला हे मोठे कारण आहे, आणि त्याची किंमत म्हाताऱ्या माणसांनी मोजली आहे.

किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये झाली. सूत्राने कमी भरणारी रक्कम सरकार अर्थसंकल्पातून देते. त्याआधी २०१३ मध्ये भगतसिंह कोश्यारी (पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल) यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता ही मागणी घेऊन ईपीएस–९५ राष्ट्रीय संघर्ष समितीने डिसेंबर २०१८ मध्ये बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू केले, आणि तिथून हे आंदोलन देशभर पोचले.

दुसरा वाद वाढीव पेन्शनचा. मर्यादेऐवजी पूर्ण पगारावर वर्गणी भरण्याची मुभा १९९६ पासून होती, ती २०१४ मध्ये काढली गेली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात न्यायालयाने २०१४ च्या दुरुस्त्या मुख्यतः कायम ठेवल्या आणि पात्र कामगारांना पर्याय निवडायला चार महिने दिले. पुढे मुदत वाढत जुलै २०२३ पर्यंत गेली आणि १७ लाखांहून अधिक अर्ज आले. मर्यादेवरच्या पगाराचे १.१६ टक्के कामगाराने भरावेत ही अट न्यायालयाने रद्द केली, कारण मूळ कायद्यात कामगाराच्या पेन्शन वर्गणीची तरतूदच नाही. त्यावर मे २०२३ मध्ये सरकारने हा भाग मालकाच्या १२ टक्क्यांतूनच घ्यायचे ठरवले. म्हणजे कामगाराच्या पीएफ खात्यात जाणारी तेवढी रक्कम पेन्शन निधीकडे वळली, आणि सरकारचा स्वतःचा भार १५,००० च्या मर्यादेपाशीच राहिला.

वेतनमर्यादा वाढवली तर वर्गणी वाढेल, पण तिच्याबरोबर देणेही वाढेल. मर्यादा गोठवली तर देणे आटोक्यात राहते. मात्र १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्यांपैकी ज्यांचे वेतन १५,००० च्या वर आहे ते योजनेत येतच नाहीत, त्यामुळे पगार वाढत जातील तशी नव्या सभासदांची भरती आटत जाते. सूत्र तेच ठेवून तूटही भरायची आणि पेन्शनही जगण्याइतकी करायची, तर मालकाच्या ८.३३ किंवा सरकारच्या १.१६ टक्क्यांपैकी किमान एक आकडा वाढवावाच लागेल.