प्लॅटिनम-पॅलेडियम मुद्रणातील लेपदोष

छायाचित्राच्या प्लॅटिनम-पॅलेडियम प्रिंटसाठी फेरिक ऑक्झॅलेट हा प्रकाशसंवेदी लोहक्षार आणि प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा क्षार यांचे मिश्रण ब्रशने किंवा काचेच्या दांडीने कागदावर पसरवतात. ते वाळले की निगेटिव्ह थेट त्यावर ठेवून अतिनील प्रकाश देतात. विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये ब्रिटनमध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले आणि पुढे बरीच वर्षे तयार कागद बाजारात मिळत असे. आज लेप बहुधा हातानेच द्यावा लागतो. नेहमीच्या कृष्णधवल, म्हणजे जिलेटिन-सिल्व्हर प्रिंटमध्ये चांदीचे कण जिलेटिनच्या थरात असतात. इथे धातू थेट कागदाच्या तंतूंमध्ये बसतो. त्यामुळे लेप बिघडला की नवशिके हाताला दोष देतात, पण मूळ अनेकदा कागदात आणि हवेत असते.

सर्वांत फसवा दोष अल्कधर्मी कागदाचा. कागद टिकावा म्हणून कारखान्यात त्यात कॅल्शियम कार्बोनेट घालतात. ते फेरिक ऑक्झॅलेटशी अभिक्रिया करते आणि काळा रंग फिका पडतो, प्रतिमा रवाळ दिसते, पांढऱ्या भागात पिवळट झाक राहते. कागदाच्या तुकड्यावर सल्फॅमिक आम्लाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, तर संशय खरा. त्याच आम्लाच्या द्रावणात कागद बुडवून नीट धुतला की तो बहुधा वापरण्याजोगा होतो. ऑक्झॅलिक आम्लही चालते, पण त्यातून न विरघळणारे कॅल्शियम ऑक्झॅलेट कागदात मागे राहते.

दुसरे कारण आर्द्रता. अगदी कोरडा कागद मिश्रण असमान शोषतो आणि ढगाळ चट्टे दिसतात. फार दमट कागदात ते खोल उतरते आणि काळ्याची धार जाते. साधारण ५० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेत काम सुकर होते. जड खळ (शोषण कमी करणारा लेप) असलेल्या कागदावर द्रावण थेंबाथेंबाने गोळा होत असेल, तर ट्वीन २० या पृष्ठक्रियाकारकाचा, म्हणजे द्रव सहज पसरवणाऱ्या पदार्थाचा, अगदी थोडा अंश पुरतो. जास्त घातल्यास नवे डाग पडतात.

ब्रशचे पट्टे मात्र हाताचेच. आधी उभे, मग आडवे, शेवटी अगदी हलके फिरवायचे आणि ओली चकाकी जाऊ लागताच थांबायचे. त्यानंतरचा प्रत्येक फटका तंतू उपटतो. तिरक्या मंद प्रकाशात कागद पाहिला, तर कुठे थांबायचे ते कळते. दांडीने लेपताना शेवटच्या कडेला साचलेली धार टिपकागदाने टिपून घ्यावी, नाहीतर तिथे गडद पट्टी उमटते. लेप पुरता मुरण्याआधी गरम हवा देणे ही घाई हमखास नडते.

सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले, तर ब्रशच्या धातूच्या पट्टीकडे पाहावे. मिश्रण धातूला लागले की तिथेच क्षपण होते, म्हणजे क्षारातला धातू प्रकाशाविनाच सुटा होतो. प्लॅटिनमचे द्रावण थंडीत स्फटिक धरते, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पुन्हा विरघळवून घ्यावे.

दोष लेपाचा की रसायनांचा, हे ठरवायला लेप दिलेली पट्टी प्रकाश न देता थेट डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणात, टाकावी. ती साफ झाली तर रसायने ठीक. करडी झाली तर बहुधा फेरिक ऑक्झॅलेट जुने झाले आहे किंवा काम करताना खोलीत अतिनील प्रकाश शिरतो आहे. या दोहोंतला फरक पोटॅशियम फेरिसायनाइडचा थेंब सांगतो. फेरिक ऑक्झॅलेटच्या द्रावणाला त्याने गडद निळा रंग आला, तर त्यात फेरस लोह (एरवी प्रकाश पडल्यावर तयार होणारे लोहाचे रूप) आधीच तयार झाले आहे आणि ती बाटली बदलावी.