कॉन्व्हेंट किंवा मिशनच्या शाळेत 9वी-10वीच्या मुलाला आधार हवाय? कोणता अर्ज, कोणाला, सोबत काय जोडायचं

मुलगी नववीत गेली, वाचताना अडखळते, पेपर कधीच पूर्ण होत नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणून शाळेला दांडी मारते, आणि शाळेत विचारलं की सिस्टर म्हणतात प्रार्थना करा, लक्ष द्या, होईल ठीक. सिस्टर ते मनापासूनच सांगतात. पण तेवढ्यावर थांबू नका. बऱ्याच पालकांना वाटतं की शाळा अल्पसंख्याक (ख्रिश्चन संस्थेची) आहे म्हणजे तिला कुठलाच नियम लागू नाही, आणि हा गैरसमज आलाय 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावरून, ज्यात शिक्षण हक्क कायदा म्हणजे आरटीई अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं म्हटलंय. तो निकाल फक्त आरटीईपुरता आहे. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती, दिव्यांग हक्क कायदा 2016, पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), हे सगळं तिथेही आहेच, फक्त तोंडी बोलून काही हलत नाही, लेखी द्यावं लागतं.

आधी लर्निंग डिसॅबिलिटीचं, म्हणजे शिकण्यातल्या अक्षमतेचं, बघू, कारण सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. 2016 च्या कायद्यात ही दिव्यांगता म्हणून स्पष्ट धरलेली आहे आणि जादा वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहिणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, ही उदाहरणं कायद्यातच लिहिलेली आहेत. पात्र कोण? ज्याची बुद्धी व्यवस्थित आहे पण वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानाने खूप मागे आहे असा मुलगा किंवा मुलगी, आणि ते सरकारी हॉस्पिटलने तपासून सांगितलेलं असलं पाहिजे. खाजगी सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट मुलाला समजून घ्यायला उपयोगी आहे, पण बोर्डासाठी सरकारी सर्टिफिकेटच लागतं. मुंबईत शीव, नायर, केईएम इथे तपासणी होते, बाकी ठिकाणी जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करा.

जाताना शाळेचं पत्र (प्रिन्सिपलची सही आणि शिक्का), मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतीपुस्तकं, मुलाच्या हस्ताक्षरातल्या वह्या, बोनाफाईड, मूल आणि पालक दोघांचं आधार कार्ड, फोटो, हे सगळं न्या. वह्या विसरू नका, अक्षरं गाळणं, उलटी लिहिणं, ओळ सोडून जाणं, हे डॉक्टरांना तिथेच दिसतं. आधी डोळे आणि कान तपासतात, मग आयक्यू, मग वाचन-लेखनाच्या टेस्ट. एका फेरीत होत नाही आणि तारखा लांबच्या मिळतात, म्हणून आठवीत किंवा नववीच्या सुरुवातीलाच नंबर लावा, दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ केली तर मुलावरच ताण येतो. सर्टिफिकेट मिळालं की सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचाही (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करून टाका.

मग सवलतीचा अर्ज. तो पालक थेट बोर्डात नेत नाहीत, शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, त्यामुळे दहावीचा फॉर्म भरतानाच क्लार्कना सर्टिफिकेटची कॉपी द्या आणि फॉर्ममध्ये तशी नोंद झाली का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लेखनिक हवा असेल तर तो खालच्या इयत्तेतला लागतो, त्याचं नाव आधीच ठरवा आणि मुलाला त्याच्यासोबत थोडी प्रॅक्टिस करू द्या, उत्तर तोंडी सांगून लिहून घेणं सवयीशिवाय जमत नाही.

आता काउन्सेलर. 25 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि त्या सरकारी-खाजगी सगळ्या शाळांना, बोर्ड कुठलंही असो, लागू आहेत. 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा, कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी, स्टाफला वर्षातून किमान दोनदा ट्रेनिंग. याचा संदर्भ देऊन प्रिन्सिपलच्या नावे साधा एक पानी अर्ज करा, शक्यतो पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) चार-पाच पालकांनी मिळून. फादर किंवा सिस्टर मुलांशी प्रेमाने बोलतात त्याची किंमत आहेच, पण डिप्रेशन ओळखायला त्याचं वेगळं शिक्षण लागतं. आणि जी सिस्टर शिकवते, मार्क देते, तिच्यासमोर मूल मोकळं होईलच असं नाही.

धर्माच्या तासाबद्दलही विचारतात. राज्यघटनेचं कलम 28(3) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. मूल त्या तासाला अस्वस्थ होत असेल तर "आमची संमती नाही, त्या वेळात लायब्ररीत बसू द्यावं" एवढं लिहून द्या, शाळेच्या धर्माबद्दल एकही वाकडा शब्द न लिहिता.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्या. उत्तर आलंच नाही तर तीच प्रत जोडून शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत शिक्षण निरीक्षक, यांच्याकडे जाता येतं. मात्र मूल जिवाचं काही करून घेण्याबद्दल बोलत असेल तर अर्ज-बिर्ज बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 ला लगेच फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं, आणि कोणी मुलाचा छळ करत असेल तर चाइल्डलाइन 1098.