पेजचा रीच का आटला : मराठी संस्था आणि सोशल मीडिया, एक पार्श्वभूमी

ग्रंथालय असो, हौशी नाट्यसंस्था असो की गिर्यारोहकांचा संघ, कार्यकारिणीच्या बैठकीत एक तक्रार हमखास होते. पेजला फॉलोअर हजारोंनी, पण पोस्ट पोचते शे-दोनशे जणांपर्यंत; पोस्ट जितक्या जणांपर्यंत पोचते तो तिचा रीच. मग पेज सांभाळणाऱ्या तरुण कार्यकर्त्यावर ठपका येतो. खरं तर बऱ्याच संस्थांच्या बाबतीत हा आकडा फेसबुकच्या २०१२ ते २०१८ या काळातल्या नियमबदलांनी ठरवला आहे.

ऑर्कुटच्या कम्युनिटीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २००४ साली सुरू झालेलं हे संकेतस्थळ सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं आणि तिथे जमलेली मराठी मंडळी त्याआधीच पांगली होती. संस्थांचा खरा संबंध आला तो फेसबुक पेजशी. पेजची सोय नोव्हेंबर २००७ ची, ‘फॅन’ जाऊन ‘लाइक’ आलं २०१० मध्ये.

त्या वेळी लागलेली एक सवय अजून सुटलेली नाही, ती म्हणजे मजकूर चित्रातून टाकण्याची. कार्यक्रमपत्रिका डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये बसवली जाई. तो मजकूर उचलून फेसबुकवर चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरं उमटत. शिवाय कित्येक अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत किंवा जोडाक्षरं फुटत. म्हणून पत्रिकेची जेपीजी टाकणं हा तेव्हा शहाणपणाचा मार्ग होता. युनिकोड (सर्व उपकरणांवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धती) सर्वत्र चालू लागल्यावर त्याचं कारण संपलं, सवय मात्र राहिली. चित्रातला मजकूर शोधात नीट सापडत नाही, अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरला तो बहुधा वाचता येत नाही, आणि पत्ता किंवा फोन नंबर कॉपी करता येत नाही. त्यात २०१३ पासून फेसबुकने जाहिरातीच्या चित्राचे २५ चौकोन कल्पून त्यातल्या पाचाहून जास्त चौकोनांत अक्षरं असली की जाहिरात नाकारायला सुरुवात केली. २०१६ मध्ये नकाराऐवजी जाहिरातीचा प्रसार आखडला जाऊ लागला आणि सप्टेंबर २०२० मध्ये ही अट गेली. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक यांच्या नावांनी गच्च भरलेली आपली पत्रिका या चाळणीत टिकणं अशक्यच होतं.

रीच आटला तो टप्प्याटप्प्याने. पेजची पोस्ट सरासरी १६ टक्के फॅनपर्यंत पोचते, असं फेसबुकनेच २०१२ मध्ये सांगितलं होतं. पैसे देऊन पोस्ट पुढे ढकलण्याची सोयही (पुढे ‘बूस्ट’) त्याच वर्षीची. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका जाहिरात कंपनीच्या मोजणीत हे प्रमाण ६ टक्क्यांवर उतरलं. जानेवारी २०१५ पासून निव्वळ प्रचारकी पोस्ट आणखी मागे पडल्या. संस्थांनी यावर जो उपाय शोधला त्यानेच घात केला. बूस्टचं बटण दाबताना प्रदेश म्हणून अख्खा भारत निवडायचा. त्यात एक लाइक स्वस्तात पडे, पण तो मिळे भलत्याच राज्यातून, मराठी न वाचणाऱ्याकडून. हे लोक पुढच्या पोस्टना प्रतिसाद देत नाहीत, आणि सुरुवातीला दाखवलेल्यांकडून प्रतिसाद आला नाही की पोस्ट पुढे सरकत नाही. सभागृहाच्या जागी पिन टाकून भोवतालचे आठ-दहा किलोमीटर निवडायची सोय तिथेच असते. लाइक महाग पडतो, पण खुर्चीत बसू शकणारा माणूस मिळतो.

सगळ्यात जास्त घोळ ‘एंगेजमेंट’ म्हणजे पोस्टला मिळालेल्या प्रतिसादाच्या आकड्याचा. वार्षिक अहवालात तो दिमाखात छापला जातो, पण त्यात काय काय मोजलं जातं हे क्वचितच पाहिलं जातं. पोस्टवरचं जवळजवळ प्रत्येक टिचकी मारणं फेसबुकच्या हिशेबात येत असे. लांबलचक मराठी पोस्टखालचं ‘आणखी पाहा’ दाबलं, मोजलं. बारीक टायपातली पत्रिका वाचता येईना म्हणून फोटो मोठा केला, तेही मोजलं. म्हणजे पत्रिका जितकी दुर्बोध, तितकी एंगेजमेंट चढी! व्हिडिओचं तसंच: फेसबुकवर तीन सेकंदांना एक व्ह्यू धरला जाई. सरासरी पाहण्याचा वेळ काढताना तीन सेकंदांच्या आतले प्रेक्षक वगळल्यामुळे आकडा फुगला होता, हे कंपनीने २०१६ मध्ये मान्य केलं. संस्थेने जपायचे आकडे दोनच: किती जणांनी स्वतःहून शेअर केलं आणि किती जणांनी वेळ, जागा, प्रवेशमूल्य यांबद्दल विचारलं. हे दोन्ही हाताने वहीत उतरवता येतात.

मग आला जानेवारी २०१८ चा निर्णय. न्यूजफीडमध्ये मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट आणि ‘अर्थपूर्ण संवाद’ यांना अग्रक्रम, पेजेस मागे. त्याआधी महिनाभर ‘लाइक करा, टॅग करा, शेअर करा’ अशी गळ घालणाऱ्या पोस्ट खाली ढकलण्याचं जाहीर झालं होतं. लोकांच्या भल्यासाठी हे केलं, असं कंपनीचं म्हणणं. जाहिरात खपवण्यासाठी केलं, अशी टीका. वाद मिटलेला नाही, मात्र २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांनी पोस्टचा क्रम ठरवणारे त्या वेळचे गुण उघड केले: लाइकला १, साध्या शेअरला ५, भरीव लेखी प्रतिक्रियेला (कॉमेंटला) ३०. हे भार पुढे बदलले, पण दिशा कळते. भरीव प्रतिक्रिया सर्वात लवकर येते ती भांडणातून. ‘नवीन पुस्तके दाखल’ ही ग्रंथालयाची पोस्ट पडून राहायची आणि शुद्धलेखनावरची वाकडी पोस्ट धावायची, त्याचं मूळ इथे आहे. मग कित्येक पेजेसनी रोज ‘तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?’ असे प्रश्न सुरू केले. उत्तरं न्यूजर्सीहूनही आली. सांगलीच्या सभागृहात त्याने एकही खुर्ची भरत नाही. यापेक्षा कार्यक्रमाआधी वक्त्यासाठी प्रश्न मागवणं आणि त्यातले दोन प्रश्न व्यासपीठावर खरोखर विचारणं अधिक उपयोगी ठरतं.

याच काळात स्वस्त डेटा आला होता (सप्टेंबर २०१६) आणि संस्थांनी मुक्काम व्हॉट्सॲपवर हलवला होता. २०१६ मध्ये ग्रुपची मर्यादा २५६ झाली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारलं. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात फॉरवर्डवर शिक्का आला आणि भारतात एका वेळी पाचच चॅटची मर्यादा आली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकवर आली. तीस ग्रुपांत निमंत्रण ढकलणाऱ्या सचिवांची पंचाईत झाली, आणि दुहेरी बाण (फार फिरल्याची खूण) लागलेली पत्रिका अफवेसारखी दिसू लागली. फॉरवर्ड न करता फाइल नव्याने जोडून पाठवली की तो शिक्का लागत नाही. ब्रॉडकास्ट यादीची मेख वेगळी: ज्यांच्या फोनमध्ये संस्थेचा नंबर जतन केलेला आहे त्यांनाच संदेश जातो. म्हणून सभासदत्वाच्या अर्जावरच ‘हा नंबर सेव्ह करा’ हे लिहून हवं.

‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ ही सोय जून २०१८ च्या अखेरीस आली. सुप्रभातच्या फुलांखाली कार्यक्रमाची सूचना गाडली जाणं त्याने थांबलं, पण ग्रुपात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो ही अडचण उरली. महिला सभासद निमूट बाहेर पडण्यामागे बरेचदा हेच असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आलेल्या चॅनेलमध्ये फॉलोअरचा नंबर इतरांना दिसत नाही. मात्र तिथे लोकांना उलट लिहिता येत नाही, फक्त इमोजी आणि मतचाचणी. त्यामुळे सूचना चॅनेलवर आणि विचारपूस संस्थेच्या वेगळ्या नंबरवर, अशी विभागणी करावी लागते.

जून २०२० अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैतच इन्स्टाग्राम रील्स भारतात सुरू झाली. उभा व्हिडिओ, १०८० बाय १९२० पिक्सेल, पहिल्या दोन-तीन सेकंदांत विषय, आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी देवनागरी सबटायटल. दीपप्रज्वलनाने सुरू होणारी रील कोणी शेवटपर्यंत बघत नाही. २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने ‘व्ह्यूज’ हा मुख्य आकडा केला. एकाच माणसाने तीनदा पाहिलं तर व्ह्यूज तीन, रीच एक. त्यामुळे जुन्या अहवालातला रीच आणि नव्यातले व्ह्यूज शेजारी छापून वाढ दाखवणं चूक आहे, आणि सध्या ती सर्रास होते.