बहात्तरच्या स्पीडला घूं

माझ्या मावसभावाने गेल्या उन्हाळ्यात एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन दारं, दोन सीटा, आणि इतकी बुटकी की आधी पाटावर बसल्यासारखं खाली जायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे. नागपूरच्या धरमपेठेतल्या गल्लीत ती आली तेव्हा पोरं गोळा झाली. आठ दिवसांनी त्याचा फोन आला : "गाडी घूं करून राहिली बे. मागून, उजवीकडून."

मीही ऐकला तो आवाज. चाळीसच्या आसपास सुरू व्हायचा आणि सत्तरच्या पुढे छातीत घुमायचा. कुणी म्हणालं इंजिन गेलं, कुणी गिअरबॉक्स. एका जाणकाराने टायर सांगितले, म्हणून भावाने चारही टायर नवे घातले. घूं जिथल्या तिथे.

शेवटी सक्करदऱ्याकडच्या एका मिस्त्रीकडे गेलो. भावाने "मागून येतो, उजव्या बाजूने..." अशी सुरुवात केली, तर मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाला, "भाऊ, कुठून येऊन राहिला ते नका सांगू. कधी येऊन राहिला ते सांगा."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हे वाक्य वीस वर्षांत मला का सुचलं नाही, याची जरा लाजच वाटली.

आवाजाची दिशा आपल्याला कळते ती दोन कानांमुळे. आवाज एका कानाशी आधी पोचतो, दुसऱ्याशी किंचित उशिरा आणि थोडा मंद होऊन. मेंदू त्या फरकावरून दिशा ठरवतो. बारीक, किनऱ्या आवाजाला ही युक्ती छान लागू पडते. आमची घूं मात्र सेकंदाला पन्नासेक कंपनांची होती. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या हवेत, आवाज सेकंदाला सुमारे ३६० मीटर जातो. म्हणजे घूंची एक लाट सात मीटरच्या वर लांब आणि गाडी सव्वाचार मीटरची! अख्खी गाडी एका लाटेत मावते, तिथे वीतभर अंतरावरच्या दोन कानांना काय फरक कळणार? त्यातून हा आवाज आधी लोखंडातून येतो. पोलादात त्याचा वेग हवेपेक्षा चौदा-पंधरा पट. चाकापाशी झालेली थरथर क्षणात सगळ्या सांगाड्यात पसरते आणि जो पत्रा सैल सापडेल तो स्पीकर होऊन बोलू लागतो. भावाला मागचा पत्रा ऐकू येत होता.

'कधी' या प्रश्नाचं उत्तर मात्र मोजता येतं. या गाडीच्या १८ इंची रिमवर २२५/४० मापाचा टायर आहे, म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर आणि रबराची उंची तिच्या ४० टक्के. त्याचा घेर बरोबर दोन मीटर भरतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला १० फेरे. (हिशेब सोपा व्हावा म्हणूनच आम्ही बहात्तर धरलं.) टायरच्या खाचेत खडा अडकला असेल तर तो सेकंदाला दहादा टकटक करील. टायरच्या नक्षीचे ठोकळे एका घेरात साठ-सत्तर धरले, तर त्यांचा आवाज सहाशे-सातशे कंपनांचा, म्हणजे घूंपेक्षा फार बारीक. तोही एकसुरी होऊ नये म्हणून कंपन्या ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात. हा हिशेब आधी केला असता तर चार टायर वाचले असते.

इंजिनाचं काय? ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) सेकंदाला ५० फेरे घेतो. आली का पंचाईत! घूंही पन्नासेकच. लोकांनी इंजिनाला दोष दिला तो अगदीच हवेत नव्हता.

मिस्त्रीने ते दोन मिनिटांत सोडवलं. पहाटे मोकळ्या डांबरी रस्त्यावर गाडी बहात्तरला नेली आणि न्यूट्रल केली. इंजिन आठशेवर आलं, घूं तशीच राहिली. म्हणजे ती इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेली नाही, चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे. (न्यूट्रलच. चालत्या गाडीत किल्ली फिरवून इंजिन बंद करू नका. ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत जाते.) मग त्याने स्टेअरिंग हलकेच डावीकडे घेतलं, आवाज चढला. उजवीकडे घेतलं, आवाज बसला. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर झुकतो. आवाज भाराबरोबर वाढतोय, म्हणजे भार वाहणारी वस्तू आजारी आहे. "उजव्या बाजूचं बेअरिंग. पुढचं का मागचं, ते जॅकवर." (बेअरिंग म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दोन कड्या आणि त्यांच्यामधल्या गोळ्या.)

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आवाजांची नावं मराठीत इतकी नेमकी आहेत की ती वापरली तर मिस्त्रीचं अर्धं काम होतं. फक्त पूर्ण स्टेअरिंग वळवल्यावर येणारी टकटक बहुतेक वेळा एक्सलच्या सांध्याची. ठरावीक आरपीएमलाच येणारी आणि पुढे गेलं की थांबणारी पत्र्याची भणभण सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याची. त्याची स्वतःची कंपनसंख्या इंजिनाशी जुळली की तो नाचायला लागतो. स्पीडब्रेकरवरची कुरकुर सुकलेल्या रबरी बुशची. रबर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो, फक्त जास्त सुरेल. आणि "काहीतरी आवाज येतो" याचा अर्थ मिस्त्रीच्या लेखी काहीच नाही.

जॅकवर मागचं उजवं चाक हाताने फिरवलं, निमूट फिरलं. पुढचं फिरवलं, तेही कानाला निमूट. तेव्हा मिस्त्रीने माझा हात धरून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाकाला गिरकी दिली. बोटांना खरखर लागली, ओल्या रव्यातून बोट फिरवल्यासारखी. स्प्रिंग बेअरिंग धरणाऱ्या भागालाच जोडलेली, म्हणून कानाला न कळणारी थरथर बोटांना कळली.

ही खरखर सेकंदाला पन्नास वेळा का? एक लाटणं घ्या, त्यावर फळी ठेवा आणि फळी ढकला. फळी हातभर सरकते तेव्हा लाटणं वीतभरच सरकतं. बेअरिंगमध्ये आतली कडी चाकाबरोबर फिरते, बाहेरची स्थिर असते आणि गोळ्या लाटण्यासारख्या मधोमध घरंगळतात. बाहेरची कडी मोठी, त्यामुळे गोळ्यांचा ताफा अर्ध्याहूनही थोडा मागे पडतो. चाकाच्या एका फेऱ्यात त्याचा साधारण ०.४ फेरा होतो. एका रांगेत १३ गोळ्या आणि सेकंदाला १० फेरे असले, तर बाहेरच्या कडीवरच्या एखाद्या खळीवरून सेकंदाला ५२ गोळ्या जातात. खळी आतल्या कडीवर असती तर ७८ गेल्या असत्या.

खळी पडते कशी, याचं गणित हाइनरिख हर्ट्झने विशीत असताना केलं. त्याचा निबंध १८८२ मध्ये छापून आला. कंपनं ज्याच्या नावाने मोजतात तोच हा हर्ट्झ. गोळी कडीला टेकते ती जागा तिळाएवढी, त्यामुळे तिथला दाब भयंकर. बॉल बेअरिंगची फिरत नसतानाच्या भाराची मर्यादा ४२०० मेगापास्कलच्या दाबावर धरतात. तेवढ्याने गोळीच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाइतकी कायमची खळी पडते. गोळी १२ मिलिमीटरची असेल तर मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) जराशी जास्त. त्यापलीकडच्या खळ्यांना कारागिरांच्या इंग्रजीत स्वीडनच्या ब्रिनेलचं नाव आहे. पोलादाची गोळी दाबून धातूचा कडकपणा मोजायची रीत त्याने १९०० मध्ये मांडली.

"गाडी अंबाझरी तलावाच्या पुरात उभी होती का?" मिस्त्रीने विचारलं. सप्टेंबर २०२३ चा तो पूर नागपूरकर विसरलेले नाहीत. सीलमधून पाणी शिरलं की ग्रीस धुतलं जातं आणि गंज धरतो. आमच्या गाडीचं तसं नव्हतं. बेअरिंग फोडल्यावर बाहेरच्या कडीच्या वरच्या अंगाला, गोळ्यांच्याच अंतरावर तीन पुसट ठसे दिसले आणि एका ठिकाणी पापुद्रा उडालेला. हे खड्ड्याचं काम. २२५/४० टायरची उंची फक्त ९० मिलिमीटर. दणका पचवायला रबर आणि हवा कमीच, उरलेला थेट गोळ्यांवर.

नवं बेअरिंग बसवताना मिस्त्रीने दोन गोष्टी केल्या, आणि त्या बघायला मी पुढे सरकलो. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये एबीएससाठी (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी) चुंबकी पट्टी असते. दोन्ही बाजू दिसायला सारख्याच. त्याने बारीक टाचणी जवळ नेऊन बाजू ओळखली. उलटं बसलं तर मीटरवर दिवा पेटतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. दुसरं म्हणजे हातोडा दूर ठेवला. प्रेसखाली बाहेरची कडी बसवताना जोर बाहेरच्याच कडीवर, आतलीत हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) दाबताना आतलीला खालून टेकू. नाहीतर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि नव्याकोऱ्या बेअरिंगवर गॅरेजातच खळ्या पडतात. शेवटचा नट टॉर्क रेंचने (पिळाचा जोर मोजणाऱ्या पान्याने), सांगितलेल्या मापाइतका.

घूं गेली. चार दिवसांनी भावाने गाडी बाजूला घेऊन फोन केला.

"अबे, आता काहीतरी बारीक सूं करून राहिलं. शिट्टीसारखं."

"कधी?"

तो गप्प. मग म्हणाला, "थांब, बघून सांगतो."

सिमेंट रस्त्यावर पाणी निघून जावं आणि पकड मिळावी म्हणून आडव्या बारीक खाचा ओढतात. त्या २० मिलिमीटरवर असल्या तर बहात्तरच्या वेगाला टायर सेकंदाला हजार खाचा ओलांडतो, आणि हजार कंपनांचा सूर म्हणजे शिट्टीच. इतके दिवस ती घूंच्या खाली दबलेली होती.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "सिमेंटवर येते. डांबरावर नाही." थोडं थांबून, "टायरवाला टायर परत घेईल का रे?"