आवळलेली मांडी, हलकं वजन

गुडघ्याच्या एसीएलचं, म्हणजे मांडीचं हाड नडगीशी बांधून ठेवणाऱ्या आतल्या अस्थिबंधाचं, ऑपरेशन झालं की दोन-तीन आठवड्यांत मांडी बारीक झालेली उघड दिसते. नुसता पाय न वापरल्याने हे होत नाही. गुडघ्यात सूज असेपर्यंत मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, मज्जारज्जूकडून मिळणारे आदेशच दबलेले असतात. रुग्ण पूर्ण जोर लावतो, स्नायू मात्र अर्धवट आखडतो. असा स्नायू भरून काढायला एरवी कमाल ताकदीच्या ७० टक्क्यांच्या आसपास वजन लागतं, आणि नेमकं तेच या काळात देता येत नाही: गुडघा दुखतो, सुजतो, शिवाय तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवलेला ग्राफ्ट (नवा बंध) पहिले काही महिने कच्चा असतो.

रक्तप्रवाह-नियंत्रित व्यायाम, फिजिओथेरपीच्या भाषेत बीएफआर, ही अडचण वळसा घालून सोडवतो. जांघेलगत हवेचा पट्टा बांधून पायात येणारं रक्त कमी करायचं आणि परत जाणारं जवळजवळ अडवायचं, मग २० ते ३० टक्के वजनावर व्यायाम करायचा. एका पायाने लेग प्रेसवर कमाल ६० किलो ढकलता येत असतील, तर ४२ किलोंऐवजी १८ किलो पुरतात. हलक्या कामाला शरीर आधी चिवट, कमी ताकदीचे तंतू लावतं. ऑक्सिजन तुटला आणि लॅक्टेट (स्नायूच्या कामातून तयार होणारं रसायन) साचलं की ते लवकर थकतात आणि एरवी जड वजनासाठी राखून ठेवलेले तंतू कामाला लागतात. थोडक्यात, स्नायू दमतो पण सांध्यावर जड भार पडत नाही.

ही पद्धत जपानच्या योशिआकी सातो यांच्या ‘काअत्सु’ या पट्टा बांधून करायच्या व्यायामपद्धतीतून आली. ऑपरेशननंतरच्या वापरातलं तिचं सर्वांत विलक्षण उदाहरण २००० सालचं. ताकाराडा या जपानी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रुग्णांना पट्ट्यासोबत कोणताही व्यायाम दिला नाही. ५ मिनिटं आवळायचं, ३ मिनिटं सोडायचं, असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. पट्टा न लावलेल्यांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे २१ टक्क्यांनी घटलं, लावलेल्यांचं ९ टक्क्यांनी. पण २०१६ मध्ये नॉर्वेतल्या खेळाडूंवर, हलक्या व्यायामाची जोड देऊनही, असा फायदा दिसला नाही. त्यामुळे पहिल्या पंधरवड्याबद्दल फार आशा लावू नये. खरा उपयोग टाके निघून जखम कोरडी झाल्यावर सुरू होतो.

सगळी मेख दाबात आहे. डॉप्लरने, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने, घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी ऐकत पट्ट्यात हवा भरायची. आवाज ज्या आकड्याला बंद होतो तो त्या पायाचा पूर्ण अडथळ्याचा दाब. व्यायामाला त्याचे ४० ते ८० टक्के घेतात, मांडीला बहुधा वरच्या बाजूचे. १८० मिलिमीटरला (पाऱ्याच्या, रक्तदाबासारखंच माप) आवाज थांबला तर ८० टक्के म्हणजे १४४. हा आकडा दुसऱ्या रुग्णाला चालत नाही. मांडी जाड असेल तर दाब जास्त लागतो, पट्टा रुंद असेल तर कमी, आणि उभं राहिल्यावर तो झोपलेल्यापेक्षा वाढतो. म्हणून ज्या स्थितीत व्यायाम, त्याच स्थितीत मोजायचं. ऑनलाइन मिळणारे इलॅस्टिकचे पट्टे ‘दहापैकी सात’ इतके आवळा, असं सांगतात. व्यायामशाळेतल्या धडधाकट माणसाचं त्यावर निभावेलही. ताज्या ऑपरेशनच्या पायाला ते नको.

एका व्यायामाचे चार सेट: ३०, १५, १५, १५ वेळा. मध्ये ३० सेकंद विश्रांती, पण त्या वेळी हवा सोडायची नाही. साचलेलं लॅक्टेट वाहून गेलं की पुढचा सेट नुसता हलका व्यायाम उरतो. नवख्यांची हमखास चूक हीच. चौथा सेट संपताच हवा पूर्ण सोडायची, पुढच्या व्यायामाआधी काही मिनिटं थांबायचं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. पंचाहत्तर वेळा सहज जमलं तर वजन थोडं वाढवावं. पहिल्याच सेटमध्ये विसाव्या वेळीच पाय अडला तर वजन किंवा दाब कमी करावा.

मांडीत आग होणं, पाय लालसर-जांभळट दिसणं अपेक्षित आहे. पाऊल पांढरं पडलं, मुंग्या आल्या, बधीर झालं किंवा चक्कर आली की लगेच हवा सोडावी. पोटरी एका जागी दुखत असेल, गरम आणि सुजलेली असेल तर पट्टा हातातही घेऊ नये, आधी शिरेत गुठळी नाही ना हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. गुठळीचा पूर्वेतिहास, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, यांत ही पद्धत टाळतात. सिकल सेल या रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजारातही टाळतात, कारण ऑक्सिजन घटला की त्या पेशी वाकड्या होऊन अडकतात. विदर्भात आणि नंदुरबार पट्ट्यात हा आजार बराच आढळतो, तेव्हा तिथल्या रुग्णाला हा प्रश्न आवर्जून विचारावा.

२०१९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात आठ आठवड्यांनंतर ३० टक्के वजन अधिक पट्टा आणि नुसतं ७० टक्के वजन, दोन्हींनी स्नायू सारखेच वाढले. पट्टेवाल्यांचा गुडघा कमी दुखला, कमी सुजला. पुढच्याच वर्षीच्या अमेरिकी अभ्यासात मात्र ७० टक्के वजनावरच पट्टा चढवला गेला आणि जादा लाभ काहीच झाला नाही. म्हणून गुडघा न दुखता, न सुजता जड वजन पेलू लागला की पट्टा टप्प्याटप्प्याने काढून टाकावा.