मिशिगनची 2022 ची राज्यव्यापी निवडणूक आणि निकाल

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 8 नोव्हेंबर 2022 ला, मंगळवारी, ही निवडणूक झाली. डेमोक्रॅटिक पक्षाने गव्हर्नरपद, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाचं पद, राखलं आणि राज्याची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडून खेचून घेतली. तिन्ही एकदम या पक्षाच्या हातात येणं 1983-84 नंतर पहिल्यांदाच घडलं, वरचं सभागृह सेनेट तर 1984 पासून सलग रिपब्लिकनांकडेच होतं.

गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांना सुमारे 54.5 टक्के मतं पडली, रिपब्लिकन ट्युडर डिक्सन यांना 43.9, म्हणजे जवळपास 4 लाख 70 हजारांचं लीड. राज्याच्या मुख्य सरकारी वकील, ॲटर्नी जनरल डेना नेसल आणि निवडणुकांचं खातं बघणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेट जोसलिन बेन्सन याही परत निवडून आल्या. ही पदं तिथे थेट जनता निवडते, एवढंच काय युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या कारभारी मंडळाचे सदस्यसुद्धा, त्यामुळे मतपत्रिका चांगलीच लांबलचक असते.

सभागृहांत मात्र काठावरचं बहुमत होतं, सेनेटमध्ये 20 विरुद्ध 18 आणि खालच्या सभागृहात, हाऊसमध्ये, 56 विरुद्ध 54. सभागृहं फिरली ती का, हे बघायचं तर मतदारसंघांच्या नकाशाकडे बघावं लागतं. आधी सीमा आमदारच आखायचे, म्हणून 2018 मध्ये हाऊससाठी डेमोक्रॅट्सना एकूण मतं जास्त पडूनही जागा 52 आणि समोरच्यांना 58. त्याच वर्षी लोकांनी सार्वमताने हे काम आमदारांकडून काढून 13 सामान्य नागरिकांच्या आयोगाला दिलं, त्यात 4 डेमोक्रॅट, 4 रिपब्लिकन आणि 5 जण कुठल्याच पक्षाचे नाहीत. 2022 ला हे नवे नकाशे पहिल्यांदा वापरले. माझ्या मते या निकालात उमेदवारांइतकाच या आयोगाचा हात आहे. आयोगाचं सगळंच बरोबर होतं असं नाही, डेट्रॉइट भागातले 13 मतदारसंघ वंशाचा हिशोब करून आखले म्हणून 2023 च्या डिसेंबरमध्ये फेडरल कोर्टाने रद्द केले.

दुसरं मोठं कारण म्हणजे प्रपोजल 3, गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्याचा, त्याच मतपत्रिकेवर जनतेच्या मताला टाकलेला प्रस्ताव. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं आणि मिशिगनमध्ये 1931 चा जुना कायदा पुस्तकात तसाच पडून होता, बाईचा जीव वाचवणं सोडून गर्भपात केला तर गुन्हा असं सांगणारा, कोर्टाची तात्पुरती स्थगिती होती म्हणून तेवढा तो अडला होता. हा हक्क राज्यघटनेत घाला म्हणून सव्वाचार लाख सह्या लागणार होत्या, लोकांनी साडेसात लाखांच्या वर जमवल्या. तरी प्रस्ताव अडकला, आणि कशावर, तर अर्जात काही शब्दांमध्ये जागा सुटलेली नव्हती, अक्षरं एकमेकांना चिकटली होती! 31 ऑगस्टला राज्याच्या मतमोजणी मंडळात, बोर्ड ऑफ स्टेट कॅनव्हासर्समध्ये, 2-2 अशी कोंडी झाली, शेवटी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 5-2 ने आदेश दिला तेव्हा तो मतपत्रिकेवर आला. लाखो लोकांनी सही करून मागितलेली गोष्ट अशा कारणाने अडवणं हा सरळ अन्याय होता. जवळपास 57 टक्के मतांनी प्रस्ताव पास झाला आणि 1931 चा कायदा एप्रिल 2023 मध्ये रद्द केला गेला.

मराठी वाचकांना यातला डेट्रॉइटचा निकाल जवळचा वाटेल. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 13 व्या मतदारसंघातून अमेरिकन काँग्रेसवर गेले. 2018 ला गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ते व्हिटमर यांच्या मागे तिसरे होते, या वेळी नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत साधारण 28 टक्क्यांवर जिंकले आणि नोव्हेंबरची लढत मग एकतर्फी झाली. पण त्यामुळे बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटला 1950 च्या दशकानंतर पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, तिथल्या बऱ्याच लोकांना हे लागलं आणि ते समजण्यासारखं आहे.

मतदानाच्या रात्री टीव्हीवर येतात ते आकडे अनौपचारिक असतात. आधी प्रत्येक काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, चार जणांचं मंडळ, दोन्ही पक्षांचे दोन-दोन, आकडे तपासतं, मग राज्याचं मंडळ शिक्का मारतं, 2022 ला तो 28 नोव्हेंबरला पडला. 2020 मध्ये डेट्रॉइटच्या वेन काउंटीत दोन सदस्यांनी आधी नकार देऊन काही तासांत माघार घेतली होती. म्हणून 2022 लाच पास झालेल्या प्रपोजल 2 मध्ये किमान नऊ दिवस आगाऊ मतदानासोबत हेही लिहिलं गेलं, की मोजलेल्या मतांवर शिक्का मारणं हे या मंडळांचं नुसतं कारकुनी काम आहे, त्यात त्यांची मर्जी चालणार नाही.