युक्रेनमध्ये खुर्ची का टिकत नाही?

1991 पासून आजवर युक्रेनने सहा राष्ट्राध्यक्ष पाहिले. त्यांतले फक्त एक, लिओनिद कुचमा, दुसऱ्यांदा निवडून आले. तिघांना मतदारांनी घरी बसवले, एकाला रातोरात देश सोडून पळावे लागले आणि सहावे, व्होलोदिमिर झेलेन्स्की, युद्धकाळात निवडणूक घेता येत नाही म्हणून मुदत उलटल्यावरही पदावर आहेत. शेजारी पाहा. बेलारूसमध्ये 1994 पासून लुकाशेन्को हलायला तयार नाहीत. रशियात येल्तसिन यांनी पुतिन यांच्या हाती कारभार सोपवला, तो मधल्या चार वर्षांच्या नाटकाचा अपवाद सोडता त्यांच्याच हाती आहे. डिसेंबर 1991 मध्ये बेलोवेझच्या जंगलातल्या विश्रामगृहात बसून ज्या तीन देशांनी सोव्हिएत संघाच्या मृत्यूपत्रावर सह्या केल्या, त्यांपैकी एकाचाच रस्ता वेगळा का झाला?

याचे ठरलेले उत्तर म्हणजे पूर्व आणि पश्चिम युक्रेन, रशियन बोलणारे आणि युक्रेनियन बोलणारे. नकाशावर ते छान दिसते, पण त्याने अर्धेच कोडे सुटते. माझ्या मते खरी गोष्ट अशी की सोव्हिएत संघ कोसळल्यावर इथे सगळी सत्ता कुणा एकाच्या मुठीत कधी आलीच नाही. ती आणायचा प्रयत्न मात्र जवळपास प्रत्येकाने करून पाहिला.

सुरुवात करावी लागते व्होलोदिमिर श्चेर्बित्स्की यांच्यापासून. 1972 ते 1989 अशी सतरा वर्षे ते युक्रेनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सर्वेसर्वा होते, सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्या खास मर्जीतले. 26 एप्रिल 1986 च्या मध्यरात्री चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. कीव तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर. तरीही पाच दिवसांनी कीवच्या ख्रेश्चातिक रस्त्यावर एक मेचे संचलन ठरल्याप्रमाणे झाले. शाळकरी मुले फुले घेऊन चालली आणि श्चेर्बित्स्की यांनी आपल्या नातवालाही सोबत आणले. काही घडलेलेच नाही असे दाखवायचे होते. सोव्हिएत राजवटीवर ज्यांचा विश्वास होता त्यांचाही या प्रकाराने उडाला, आणि युक्रेनमध्ये सरकारविरुद्ध उघड बोलायला जो पहिला मोठा विषय मिळाला तो भाषेचा किंवा स्वातंत्र्याचा नव्हता, किरणोत्साराचा होता.

बोलणारे लोक आधीही होते, पण ते तुरुंगात होते. लेव्को लुक्यानेन्को हे पेशाने वकील. युक्रेनने सोव्हिएत संघातून बाहेर पडावे, हा त्यांचा युक्तिवाद सोव्हिएत घटनेतल्याच कलमावर उभा होता. 1961 मध्ये त्यासाठी त्यांना फाशीची शिक्षा झाली, पुढे ती पंधरा वर्षांच्या कैदेवर आली. सुटल्यावर ते पुन्हा पकडले गेले. असेच पकडलेले कवी वासिल स्तुस 1985 मध्ये रशियातल्या पर्मजवळच्या छावणीत वारले. 1980 च्या खटल्यात त्यांना सरकारने जो वकील दिला होता, त्याने अशिलाचा बचाव करण्याऐवजी आरोपच मान्य केले, असे खटल्याच्या कागदपत्रांत दिसते. या वकिलाचे नाव व्हिक्टर मेदवेदचुक. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे ते कुचमा यांच्या कार्यालयाचे प्रमुख झाले, पुतिन त्यांच्या मुलीचे धर्मपिता झाले आणि 2022 मध्ये युक्रेनने त्यांना पकडून कैद्यांच्या अदलाबदलीत रशियाला देऊन टाकले.

1989 च्या सप्टेंबरात 'रुख' ही विरोधकांची चळवळ कीवमध्ये उभी राहिली. अधिवेशनात कम्युनिस्ट पक्षाचा एक माणूसही हजर होता, विचारप्रणाली विभागाचे लिओनिद क्रावचुक. विरोधकांशी वाद घालायला आलेला हा गृहस्थ त्यांच्याकडून बरेच काही शिकून गेला. क्रावचुक यांच्याबद्दल कीवमध्ये एक विनोद प्रसिद्ध होता: यांना छत्री लागत नाही, ते पावसाच्या दोन थेंबांच्या मधून जातात. 1990 च्या निवडणुकीत संसदेत कम्युनिस्टांचेच बहुमत आले, साडेचारशेपैकी 239 जणांचा एक पक्का गट. त्याच वर्षी ऑक्टोबरात विद्यार्थ्यांनी कीवच्या मुख्य चौकात तंबू ठोकून उपोषण केले आणि पंतप्रधान मासोल यांना राजीनामा द्यायला लावला. चौकात तंबू ठोकले की सरकार पडते, हा धडा तिथे पहिल्यांदा गिरवला गेला.

मग आला ऑगस्ट 1991. मॉस्कोत कट्टर कम्युनिस्टांचे बंड फसले आणि कीवमधले कॉम्रेड घाबरले. येल्तसिन आता आपल्या मुळावर येणार, त्यापेक्षा वेगळे झालेले बरे, असा हिशेब त्यांनी केला. 24 ऑगस्टला स्वातंत्र्याची घोषणा झाली. मसुदा लुक्यानेन्को यांनी तयार केला आणि सभागृहात वाचून दाखवला क्रावचुक यांनी. एकाने उमेदीची वर्षे छावण्यांत काढलेली, दुसरा त्या छावण्या चालवणाऱ्या पक्षाचा प्रचारप्रमुख. पुढच्या तीस वर्षांचे राजकारण मला या एका प्रसंगात दिसते. देश मिळाला तो तडजोडीतून. त्यात रक्त सांडले नाही, पण जुनी माणसेही जागच्या जागी राहिली. 1 डिसेंबरच्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिले. पूर्वेकडच्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्ये हे प्रमाण ऐंशीच्या वर होते, क्रिमियातही निम्म्याहून थोडे जास्त. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षही निवडायचा होता. क्रावचुक यांना सुमारे 62 टक्के मते पडली. 'रुख'चे नेते व्हिआचेस्लाव चोर्नोविल यांना 23 टक्के, तीही मुख्यतः पश्चिमेकडच्या ल्विवच्या पट्ट्यात.

पुढची दोन वर्षे हालाची गेली. 1993 मध्ये किमती वर्षभरात शंभरपटीने वाढल्या. दोनबासचे, म्हणजे दोनेत्स्क-लुहान्स्कच्या कोळसापट्ट्यातले, खाणकामगार संपावर गेले आणि क्रावचुक यांना मुदतपूर्व निवडणूक मान्य करावी लागली. 1994 मध्ये ते हरले आणि मुकाट्याने पायउतार झाले. या साध्या गोष्टीचे मोल तेव्हा कुणाला कळले नाही. हरलेला नेता खुर्ची सोडतो, हा पायंडा मात्र पडला.

जिंकलेले कुचमा हे द्नीप्रोपेत्रोव्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याचे माजी संचालक. अण्वस्त्रे रशियाच्या हवाली करण्याचा 1994 चा बुडापेस्ट करार, 1996 ची राज्यघटना आणि नवे चलन ह्रिवन्या हे सगळे त्यांच्या काळातले. पण त्यांची खरी ओळख म्हणजे टोळ्यांमधला मध्यस्थ. सरकारी कारखाने कवडीमोलाने वाटले जात होते. एकीकडे पोलाद-कोळशाचे दोनेत्स्क, दुसरीकडे कुचमा यांचेच द्नीप्रोपेत्रोव्स्क, तिसरीकडे कीवची मंडळी. दोनेत्स्कमध्ये 1995 साली फुटबॉलच्या मैदानात बाँबस्फोट होऊन तिथला बडा दादा आखात ब्रागिन मारला गेला, आणि त्याच वर्तुळातले रिनात अख्मेतोव पुढे देशातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ झाले. रशियन गॅसच्या दलालीतून पाव्लो लाझारेन्को पंतप्रधानपदापर्यंत आणि तिथून अमेरिकेच्या तुरुंगापर्यंत पोहोचले. त्यांच्याच कृपाछत्राखाली युलिया तिमोशेन्को यांची गॅस कंपनी फोफावली.

रशियातही धनदांडगे होतेच. पण तिथे पुतिन यांनी एकाला तुरुंगात टाकून बाकीच्यांना वठणीवर आणले. कुचमा यांच्याकडे तेवढी ताकद नव्हती. त्यांना एकाला दुसऱ्याविरुद्ध झुंजवत राहावे लागे. प्रत्येक धनिकाकडे स्वतःची टीव्ही वाहिनी आणि संसदेत स्वतःचे खासदार. लोकशाही म्हणावी असे हे चित्र नव्हे, पण एकाची वाहिनी जे दडपायची ते दुसऱ्याची दाखवायची. चोरांच्या भांडणातही थोडी हवा खेळती राहते.

ही हवा कोंडायचा प्रयत्न झाला तेव्हा भडका उडाला. पत्रकार हिओर्ही गोंगाद्झे यांनी 2000 मध्ये 'उक्राइन्स्का प्राव्दा' हे इंटरनेटवरचे वृत्तपत्र सुरू केले. 16 सप्टेंबरला ते बेपत्ता झाले आणि नोव्हेंबरमध्ये कीवबाहेरच्या जंगलात शिर नसलेला देह सापडला. महिनाअखेरीस समाजवादी नेते ओलेक्सांद्र मोरोझ यांनी संसदेत ध्वनिफिती असल्याचे जाहीर केले. कुचमा यांच्या दालनात त्यांच्याच अंगरक्षकाने त्या चोरून केल्या होत्या. त्यात कुचमा यांच्यासारखा आवाज गोंगाद्झे यांचा बंदोबस्त करा म्हणत होता. कुचमा यांनी आरोप कायम नाकारला. खुनाबद्दल पोलीस अधिकारी ओलेक्सी पुकाच यांना 2013 मध्ये जन्मठेप झाली. हुकूम कुणाचा, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. माजी गृहमंत्री क्रावचेन्को 2005 मध्ये साक्षीच्या दिवशीच मृतावस्थेत सापडले. डोक्यात दोन गोळ्या होत्या, आणि निष्कर्ष निघाला आत्महत्येचा.

2004 मध्ये कुचमा यांनी वारस म्हणून दोनेत्स्कचे व्हिक्टर यानुकोविच पुढे केले. तरुणपणी दोनदा तुरुंगात गेलेला हा माणूस. समोर होते राष्ट्रीय बँकेचे माजी प्रमुख व्हिक्टर युश्चेन्को. प्रचाराच्या ऐन भरात त्यांच्यावर डायॉक्सिनचा विषप्रयोग झाला आणि देखणा चेहरा फोडांनी विद्रूप झाला. 21 नोव्हेंबरच्या मतदानात यानुकोविच विजयी झाल्याचे सांगितले गेले. लाखो लोक भगव्या-नारिंगी फिती लावून मैदानात उतरले. त्या दिवसांतला एक प्रसंग मला मोर्च्यांपेक्षाही बोलका वाटतो. सरकारी वाहिनीवर बातमीदार अधिकृत निकाल वाचत होती आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत कर्णबधिरांसाठी खुणांची भाषा करणाऱ्या नतालिया दिमित्रुक तेच हातवारे करत होत्या. मध्येच त्यांनी संहिता सोडली आणि बाहीतली नारिंगी फीत दाखवत खुणांनी सांगितले, की हे आकडे खोटे आहेत, विश्वास ठेवू नका. वाहिनीतल्या वरिष्ठांना तेव्हा पत्ताच लागला नाही, कारण ती भाषा त्यांना येत नव्हती. 3 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला आणि फेरमतदानात युश्चेन्को जिंकले.

या 'नारिंगी क्रांती'ची मिळकत तपासायची तर क्रिवोरिझस्ताल पोलाद कारखान्याचे उदाहरण घ्यावे. 2004 मध्ये तो अख्मेतोव आणि कुचमा यांचे जावई व्हिक्टर पिंचुक यांना सुमारे 80 कोटी डॉलरना विकला गेला. अटीच अशा, की जास्त पैसे मोजायला तयार असलेल्या परदेशी कंपन्या बाद व्हाव्यात. नव्या सरकारने सौदा मोडला आणि ऑक्टोबर 2005 मध्ये टीव्हीवर थेट प्रक्षेपण करत लिलाव मांडला. लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने 480 कोटी डॉलरना कारखाना घेतला. पण असे पुन्हा फारसे झाले नाही. युश्चेन्को आणि त्यांच्या पंतप्रधान तिमोशेन्को आपसांत भांडत बसले, आणि 2010 मध्ये विद्यमान राष्ट्राध्यक्षाला पहिल्या फेरीत साडेपाच टक्केही मते मिळाली नाहीत.

यानुकोविच आले ते या वेळी रीतसर निवडून, आणि आल्याआल्या मूठ आवळायला लागले. 2004 च्या तडजोडीत राष्ट्राध्यक्षांकडून संसदेकडे गेलेले घटनेतले अधिकार परत खेचले, तिमोशेन्को यांना 2011 मध्ये गॅस कराराच्या प्रकरणात सात वर्षांची शिक्षा झाली, आणि जुन्या धनदांडग्यांना बाजूला सारून राष्ट्राध्यक्षांच्या मुलाभोवतीची मंडळी मालामाल होऊ लागली. हीच चूक त्यांना भोवली. नोव्हेंबर 2013 मध्ये युरोपीय संघाशी करार ऐनवेळी थांबवला म्हणून विद्यार्थी चौकात जमले. 30 तारखेच्या पहाटे पोलिसांनी त्यांना बडवले, तेव्हा त्यांचे आईबाप रस्त्यावर आले. फेब्रुवारी 2014 मध्ये शंभरावर माणसे मारली गेली. 22 फेब्रुवारीला संसदेने 328 मतांनी यानुकोविच यांना हटवले, त्यात त्यांना आदल्या आठवड्यापर्यंत साथ देणारे खासदारही होते.

कीवबाहेरच्या मेझिहिर्याच्या त्यांच्या वाड्यात लोक शिरले तेव्हा शहामृगांसह प्राणिसंग्रहालय, पाण्यावर गलबताच्या आकाराचे उपाहारगृह आणि पाण्यात फेकलेल्या फायली सापडल्या. पाणबुड्यांनी त्या बाहेर काढल्या. पत्रकारांनी ओली पावती न पावती पसरून वाळवली, तिची छायाचित्रे काढली आणि सगळा ऐवज इंटरनेटवर टाकला.

त्यानंतर क्रिमिया गेला, दोनबासमध्ये युद्ध पेटले. 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले चॉकलेटचे कारखानदार पेत्रो पोरोशेन्को 'लष्कर, भाषा, श्रद्धा' या घोषणेवर पुन्हा उभे राहिले आणि 2019 मध्ये त्यांचा सपशेल पराभव झाला. हरवणारा होता क्रिवी रिह या पोलादनगरीतला विनोदी नट. झेलेन्स्की यांनी मालिकेत अचानक राष्ट्राध्यक्ष झालेल्या शाळामास्तराची भूमिका केली होती. ती दाखवणारी वाहिनी इहोर कोलोमोइस्की यांची, आणि कोलोमोइस्की यांची बँक पोरोशेन्को सरकारने 2016 मध्ये ताब्यात घेतलेली. म्हणजे इथेही एका धनिकाचा दुसऱ्यावरचा राग कामी आला. झेलेन्स्की यांना 73 टक्के मते पडली आणि त्यांच्या पक्षाला संसदेत 254 जागा. स्वतंत्र युक्रेनमध्ये एकाच पक्षाचे बहुमत प्रथमच आले होते. कोलोमोइस्की यांना त्याचा फायदा झाला नाही, 2023 मध्ये त्यांना अटक झाली.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने सर्व बाजूंनी चढाई केली. दुसऱ्याच रात्री झेलेन्स्की यांनी कीवच्या रस्त्यावर उभे राहून 'आम्ही इथेच आहोत' असे सांगितले, आणि देश त्यांच्या मागे उभा राहिला. अख्मेतोव यांनी आपल्या वाहिन्या सोडून दिल्या, बहुतेक मोठ्या वाहिन्या एकत्रित बातमीपत्रात सामील झाल्या. वर्षानुवर्षे कुणालाच जमले नाही ते एककेंद्री सरकार युद्धाने आणले. त्याला लोकांची संमतीही होती, पण बिनशर्त नव्हती. 22 जुलै 2025 रोजी भ्रष्टाचारविरोधी तपाससंस्थेचे स्वातंत्र्य काढून घेणारा कायदा संसदेत मंजूर झाला आणि राष्ट्राध्यक्षांनी त्याच दिवशी सही केली. त्या संध्याकाळी विशीतली पोरे हाताने रंगवलेले पुठ्ठे घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाजवळ जमली. नऊ दिवसांत कायदा मागे फिरला. नोव्हेंबरमध्ये त्याच संस्थेने अणुऊर्जा कंपनीतल्या लाचखोरीचे प्रकरण बाहेर काढले. त्यात झेलेन्स्की यांच्या जुन्या स्टुडिओतल्या भागीदाराचे नाव आले, आणि महिना संपण्याआधी कार्यालयाचे प्रमुख आंद्री येर्माक यांच्या घराची झडती होऊन त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.